फावडदंती देवमासा

चंचुयुक्त देवमाशांच्या झिफिइडी कुलातील एक अतिशय दुर्मिळ सागरी सस्तन प्राणी. याचे शास्त्रीय नाव मेसोप्लोडॉन ट्रॅव्हर्साय असे आहे. एकोणिसाव्या शतकातील देवमासेमार चरबी कापण्यासाठी फावड्यासारख्या पात्याचे हत्यार वापरीत. नराच्या खालच्या जबड्यातील रुंद दात त्या पात्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव पडले. २०२४ अखेरपर्यंत या जातीचे केवळ ७ नमुने ज्ञात होते आणि ते सर्व किनाऱ्यांवरच मिळालेले होते.

चंचुयुक्त देवमासे खोल समुद्रात राहतात व श्वासोच्छ्वासापुरते पृष्ठभागावर येतात. त्यामुळे किनाऱ्याला लागलेली कलेवरे व हाडे हेच त्यांच्या अभ्यासाचे मुख्य साधन ठरले आहे. मेसोप्लोडॉन प्रजातीतील जाती प्रामुख्याने नराच्या दातांवरून ओळखतात. मादीचे व पिलांचे दात बहुधा हिरडीबाहेर येत नाहीत आणि मृत्यूनंतर कातडीचा मूळ रंगही लवकर पालटतो. किनाऱ्यावर दिलेले नाव म्हणूनच तात्पुरते समजावे लागते.

१८७२ मध्ये न्यूझीलंडच्या पूर्वेकडील चॅटम द्वीपसमूहातील पिट बेटावर हेन्री ट्रॅव्हर्स यांना दातांसह खालचा जबडा मिळाला. जेम्स हेक्टर यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या आधारे लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममधील जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७४ मध्ये ही वेगळी जाती मानून तिला ट्रॅव्हर्स यांचे नाव दिले. तथापि पुढे हा जबडा पट्टदंती देवमाशाचाच समजला गेला आणि ग्रे यांचे नाव शतकाहून अधिक काळ अडगळीत पडले. जबडा मात्र वेलिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवला होता. १९५० नंतरच्या दशकात व्हाइट बेटावर एक कवटी सापडली; दुसरी १९८६ मध्ये चिलीच्या रॉबिन्सन क्रूसो बेटावर मिळाली व १९९५ मध्ये तिच्यावरून मेसोप्लोडॉन बहामोंडी ही नवी जाती वर्णिली गेली. या तिन्ही अवशेषांतील डीएनएची तुलना झाल्यावर ते एकाच जातीचे असल्याचे २००२ मध्ये सिद्ध झाले. अग्रक्रमाच्या नियमानुसार ग्रे यांचे जुने नाव पुन्हा प्रचारात आले.

३१ डिसेंबर २०१० रोजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील ओपापे किनाऱ्यावर ५·३ मी. लांबीची मादी व ३·५ मी. लांबीचे नर पिलू लागले व मरण पावले. संवर्धन खात्याच्या कर्मचाऱ्यांनी मोजमापे व छायाचित्रे घेतली, ऊतकांचे नमुने काढले आणि त्या भागात वारंवार किनाऱ्याला लागणाऱ्या ग्रे चंचुदेवमाशाचे नाव नोंदवून कलेवरे पुरली. तर्क वावगा नव्हता. परंतु ऑकलंड विद्यापीठातील नेहमीच्या डीएनए तपासणीत नमुने फावडदंती देवमाशाचे निघाले. नाव ठरल्यानंतरही नमुना काढण्याची शिस्त नसती, तर या जातीचे पहिले पूर्ण प्राणी वाळूखाली अज्ञातच राहिले असते. छायाचित्रे पुन्हा पाहता चोच काळसर असल्याचे ध्यानात आले. ग्रे चंचुदेवमाशाची ती पांढरी असते. २०१२ मध्ये सांगाडे उकरून काढण्यात आले व त्याच वर्षी हा शोध प्रसिद्ध झाला.

२०१७ मध्ये आणखी एक मादी मिळाली. ४ जुलै २०२४ रोजी दक्षिण बेटावर टाइअरी नदीच्या मुखाशी सु. ५ मी. लांबीचा नर सापडला. कलेवर शीतगृहात ठेवून डिसेंबरमध्ये त्याचे शवविच्छेदन केले गेले. संपूर्ण शरीराचे विच्छेदन प्रथमच होत होते. जठराचे ९ कप्पे व वरच्या जबड्यातील बारीक अवशेषी दात त्यात दिसून आले. मोडलेला जबडा व डोक्यावरील जखमा पाहता मृत्यू आघाताने झाला असावा, असे संशोधकांचे मत पडले. देवमासा हा माओरी लोकांचा पूज्य ठेवा असल्याने ओटाकोऊ येथील माओरी या कामात प्रारंभापासून सहभागी होते. सांगाडा संग्रहालयासाठी राखण्यात आला. जबड्याचे हाड व दात माओरींकडे राहावेत आणि प्रदर्शनात त्यांच्या प्रतिकृती लावाव्यात, असे ठरले.