ख्रिस्ती विवाहनिष्ठेची शिकवण आणि घटस्फोटाचा कायदा : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खानदेशात ख्रिस्ती मिशनांचे कार्य विस्तारत गेले. जळगाव-भुसावळ भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर धुळे-नंदुरबार परिसरात स्वीडिश अलायन्स मिशन यांनी मंडळ्या उभारल्या. या मंडळ्यांत आलेल्या कुटुंबांना नव्या धर्माबरोबर विवाहाची नवी कल्पनाही स्वीकारावी लागली. ती कल्पना पती व पत्नी या दोघांना एकच माप लावणारी होती. ख्रिस्ती समाजासाठी केलेला कायदा मात्र तसा नव्हता. ही विसंगती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिकवणीचे स्वरूप :
मत्तयाच्या शुभवर्तमानात (५:२७-२८) व्यभिचाराचा अर्थ कृतीपुरता मर्यादित न ठेवता पुरुषाच्या कामुक दृष्टीपर्यंत नेलेला आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (७:३-४) पती-पत्नींचा परस्परांच्या देहावरील अधिकार समान मानला आहे. स्त्रीचे पातिव्रत्य हीच कुळाची अब्रू मानणाऱ्या समाजात पुरुषाच्या शीलाचीही तितकीच काटेकोर मागणी करणारी ही शिकवण होती.

रूढी आणि कायदा :
पश्चिम खानदेशातील भिल्ल समाजात देज देऊन विवाह होत. पंचांसमक्ष देज परत करून फारकत घेता येई आणि पुनर्विवाहासही मान्यता होती. पुरुषाला एकाहून अधिक पत्नी करण्याची मुभा होती, हे खरे. परंतु नकोशा संसारातून बाहेर पडण्याची वाट स्त्रीलाही खुली होती. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम ६० नुसार मात्र देशी ख्रिस्ती वधूवरांपैकी कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसणे आवश्यक ठरले. त्यामुळे ख्रिस्ती पद्धतीने विवाह केलेल्या स्त्रीला पुनर्विवाहासाठी पंचांची फारकत पुरेशी राहिली नाही. तिला न्यायालयाचाच आधार घ्यावा लागणार होता.

तेथे १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होता. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेल्या या कायद्याच्या कलम १० नुसार पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग यांसारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. शिवाय जिल्हा न्यायालयाचा निवाडा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. धुळे वा जळगावच्या स्त्रीसाठी याचा अर्थ मुंबईपर्यंतची प्रतीक्षा असा होता.

कायद्याच्या पलीकडील निष्ठा :
१८६६ च्या कायद्याने धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला विवाहविच्छेद मागण्याची मुभा दिली होती. या पार्श्वभूमीवर खानदेशाबाहेरील एक परिचित उदाहरण लक्षणीय ठरते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. दोघांना काही वर्षे वेगळे राहावे लागले. तरी टिळकांनी दुसरा विवाह केला नाही. दोघे पुन्हा एकत्र आले व १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. कायद्याने दिलेली मुभा आणि निष्ठेने स्वीकारलेले बंधन यांतील अंतर येथे दिसून येते.

समारोप :
इंग्लंडने व्यभिचाराच्या बाबतीतील हा भेद १९२३ मध्ये दूर केला. भारतात १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पत्नीवरील जादा अट घटनाबाह्य ठरविली आणि २००१ च्या दुरुस्तीने व्यभिचार हे दोघांसाठी समान कारण झाले. उच्च न्यायालयाच्या पुष्टीची अटही त्याच वेळी संपली. म्हणजे धर्मग्रंथाने सांगितलेले समान माप कायद्यात यावयास १३२ वर्षे लागली. शुचितेचा उपदेश कितीही उदात्त असला, तरी त्याचा भार दोघांवर सारखा पडतो की नाही, यावरच त्याची ऐतिहासिक कसोटी लागते. खानदेशातील ख्रिस्ती स्त्रीचा इतिहास लिहिताना हीच कसोटी प्रथम लावणे आवश्यक आहे.