चामड्याचा भाता आणि एक स्प्रिंग

वेलिंग्टनच्या पोस्टिंगमध्ये एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या एमजीएचा थ्रॉटल कुन्नूरखालच्या घाटात उघडाच अडकला. पाय काढला तरी इंजिन किंचाळतंच! इग्निशन बंद करून कशीबशी गाडी थांबवली. रिटर्न स्प्रिंग ढिली पडली होती.

मी जाडजूड स्प्रिंग बसवली. घोडचूक. जादा ताणाने स्पिंडल आणि त्याचं भोक झिजतं, तिथून हवा शिरते, आयडलिंग बिघडतं. हे दाखवलं स्टाफ कार सांभाळलेल्या एका माजी सुभेदारसाहेबांनी. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन एमजीएच्याच कुळातलं ना! त्यांनी दोन्ही एसयू कार्बोरेटरना हलक्या स्प्रिंगा लावल्या.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. १९०५ च्या सुमारास हा कार्बोरेटर घडवणारे जॉर्ज हर्बर्ट स्किनर जोडे विकणाऱ्या घराण्यातले. म्हणूनच की काय, सुरुवातीला आत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता असे.