४,१४७ जाती, ४६ लाख नावे आणि 'आर'मधील फॅक्टर

शासकीय आकडेवारीत वय, उत्पन्न, क्षेत्रफळ यांचा फारसा त्रास होत नाही. त्रास देतात ते शब्द : जात, मातृभाषा, व्यवसाय. बेल प्रयोगशाळेत १९७६ साली सुरू झालेल्या 'एस' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेपुढेही हाच प्रश्न होता. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्या धर्तीवर 'आर' रचली. या भाषांत वर्गवारीसाठी 'फॅक्टर' नावाचा प्रकार आहे. त्यात वर्गांची एक यादी असते आणि प्रत्येक नोंदीपुढे केवळ त्या यादीतील क्रमांक साठवला जातो.

यादी आपण आधी दिली, तर तिच्याबाहेरचा शब्द निमूटपणे 'माहिती नाही' या सदरात जातो. न दिल्यास 'आर' स्वतःच ती तयार करते : जितकी लेखनरूपे तितके वर्ग, तेही वर्णानुक्रमे. (म्हणूनच कमी, मध्यम, उच्च यांत 'उच्च' पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतो!) तक्ता वाचतानाच शब्दांचे फॅक्टर करण्याची तिची जुनी सवय एप्रिल २०२० च्या ४.० आवृत्तीत मोडण्यात आली.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत यादीविना मोजण्याचा हा प्रकार देशभर घडला. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. या वेळी ४६ लाखांहून अधिक नावे निघाली. महाराष्ट्र शासनाच्या याचिकेला उत्तर देताना केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे सांगितले. महाराष्ट्रात अधिसूचित जाती ४९४, नोंदलेली नावे मात्र ४,२८,६७७. मलबारातील मापिला समाज ४० प्रकारे लिहिला गेला व त्याच्या ४० जाती झाल्या. गणनेपूर्वी जातींची नोंदसूची केलेलीच नव्हती. प्रगणकांनी ऐकले तसे लिहिले.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने आगामी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. सूची आधी हवी, याविषयी दुमत नसावे. परंतु मागास वर्गांच्या याद्या राज्यनिहाय आहेत. तंजावर, बडोदे वा इंदूर येथील मराठी कुटुंब जे नाव सांगेल ते तेथील यादीत असेलच असे नाही, आणि तेवढ्यासाठी ते गाळून टाकणे मला ४० जाती होण्याहूनही वाईट वाटते. चुकीचे वर्ग मागाहून एकत्र करता येतात, पुसलेला शब्द परत मिळत नाही. 'आर' वापरणारा सावध माणूस फॅक्टर करतो, पण मूळ शब्दांचा स्तंभ शेजारी तसाच ठेवतो. जनगणनेच्या नोंदीतही संकेतांकाशेजारी तो ठेवला पाहिजे.