बूटिंग (लिनक्स)

वीजपुरवठा मिळाल्यापासून संगणक वापरण्याजोगा होईपर्यंतची प्रक्रिया. सुरुवातीला रॅममध्ये काहीच नसते, म्हणून प्रोसेसर पहिल्या आज्ञा मदरबोर्डवरील चिपमधल्या फर्मवेअरकडून घेतो. फर्मवेअर यंत्रभाग तपासून बूटलोडर शोधते. जुन्या बायोस पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असे. विभागांचा तक्ता आणि खूण वजा जाता आज्ञांना ४४६ बाइटच उरत, म्हणजे पुढचा मोठा तुकडा उचलून आणण्यापुरते. यूईएफआयने ही कसरत संपवली. त्यात बूटलोडर ही डिस्कवरची एक साधी फाइल असते.

ग्रबसारखा बूटलोडर कर्नलबरोबर (प्रणालीच्या गाभ्याबरोबर) ‘इनिटरॅमएफएस’ ही छोटी तात्पुरती फाइलप्रणालीही रॅममध्ये आणतो. डिस्क वाचायला लागणारा ड्रायव्हर त्याच डिस्कवर अडकलेला असला, तर तो पेच या फाइलप्रणालीमुळे सुटतो. मग मूळ फाइलप्रणाली जोडली जाते आणि तिच्यावरची ‘इनिट’ ही मुख्य प्रक्रिया सुरू होते. बाकीच्या सेवा तिच्या हाताखाली उभ्या राहतात.

उशीर होतो तो बहुतेकदा आकडेमोडीमुळे नव्हे, वाट पाहण्यामुळे: डिस्कची, नेटवर्कची, एका सेवेने दुसरीची. जुन्या ‘इनिट’मध्ये स्क्रिप्ट सहसा एकामागून एक चालत. २००८मध्ये आर्यन व्हान द व्हेन आणि औके कोक या लिनक्स विकासकांनी आसुसचा स्वस्त, छोटा ‘ई पीसी’ पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. आधी पाच सेकंद ठरवून ते कर्नल, प्राथमिक सेवा, चित्रप्रणाली आणि डेस्कटॉप यांत वाटून द्यायचे, ही त्यांची रीत निकालाइतकीच महत्त्वाची. जुन्या ‘इनिट’ऐवजी २०१०मध्ये आलेल्या सिस्टमडीने सेवा समांतर चालवल्या. काही तर मागणी येईपर्यंत सुरूच होत नाहीत.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे हा आजही सर्वांत परिणामकारक उपाय. त्यानंतर ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ने वेळ मोजावा. त्याची ‘ब्लेम’ यादी मात्र फसवी आहे: सर्वांत वर दिसणारी सेवा इतरांबरोबर समांतर चालली असेल, तर ती बंद करून काहीच वाचत नाही. कोणामुळे कोण खोळंबले हे ‘क्रिटिकल-चेन’ दाखवते. घरगुती संगणकावर नेटवर्क जोडले जाईपर्यंत थांबणारी सेवा बहुधा अनावश्यक असते.

विंडोज ८पासूनचे ‘फास्ट स्टार्टअप’ वेगळ्या वाटेने जाते. बंद करताना कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे विंडोजचे विभाग अर्धवट उघडे राहतात; एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली असल्यास लिनक्समधून त्यांवर लिहिण्यापूर्वी ही सोय बंद करावी.