डलिच हॅम्लेट : ज्या क्लबचे नावही परक्याच्या हाती गेले

दक्षिण लंडनमधील डलिच हॅम्लेट हा १८९३ मध्ये स्थापन झालेला एका वस्तीचा फुटबॉल क्लब. हौशी संघांसाठीचा एफ. ए. अमॅच्युअर चषक त्याने १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ असा चार वेळा जिंकला. त्याचा एडगर केल १९२९ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला, आणि तेही हौशी खेळाडू राहूनच! मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्याचे नाव आहे.

मात्र लंडनमध्ये जमिनीचे मोल चषकांहून अधिक. नव्वदच्या दशकारंभी जुने मैदान मोडून तेथे सुपरमार्केट उभे राहिले. क्लबला शेजारीच लहानसे मैदान मिळाले. कालांतराने तेही घरबांधणी करू इच्छिणाऱ्या विकासकाच्या ताब्यात गेले. मार्च २०१८ मध्ये क्लबला मैदानाबाहेर काढण्यात आले. इतकेच नव्हे, तर ‘डलिच हॅम्लेट’ हे नाव विकासकाशी संलग्न कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून आधीच नोंदवले होते आणि ते वापरण्यास क्लबलाच मनाई केली. १२५ वर्षे ज्यांनी ते मिरवले, त्यांनाच! लोकक्षोभानंतर नाव परत मिळाले, मैदान नाही.

बेघर संघ टूटिंग अँड मिचम क्लबच्या मैदानावर खेळू लागला. त्याच हंगामात त्याने बढती मिळवून इंग्लिश फुटबॉलची सहावी श्रेणी गाठली. डिसेंबर २०१८ मध्ये तो चॅम्पियन हिलवर परतला.