ठोका हवेतला, ठोका जमिनीतला

इलेक्ट्रॉनिक ड्रम शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून जन्माला आला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो ज्यांनी घडवला त्यांना हवा होता नवा नाद. १९७१ मध्ये ‘मूडी ब्लूज’ या इंग्लिश बँडचे ड्रमर ग्रॅम एज यांनी ससेक्स विद्यापीठातल्या ब्रायन ग्रोव्ह्ज यांच्यासोबत असा एक संच तयार केला आणि ‘प्रोसेशन’ या रचनेत वाजवला. शांततेचा विचार तेव्हा कोणाच्या गावीही नव्हता.

दहा वर्षांनी, १९८१ मध्ये, डेव्ह सिमन्स यांच्या कंपनीचा षटकोनी पॅडचा ‘एसडीएस-फाइव्ह’ बाजारात आला. त्याच्या पॅडचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेटचा होता; दंगलीत पोलीस धरतात त्या पारदर्शक ढालीच्या जातीचा. काठी पडली की कडक लाकडावर आपटल्यासारखा खटका उडे, आणि ताणलेल्या पानाची उसळी नसल्याने हिसका थेट हातात उतरे. मनगटे आणि कोपरे दुखू लागल्याच्या तक्रारी झाल्या. पुढच्या संचांच्या पॅडना मऊ आवरण मिळाले. खटका कमी झाला तो असा, वादकाच्या दुखऱ्या मनगटाच्या कृपेने.

१९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड आला. एका पेटीत रबराचे आठ चौकोन. हिंदी चित्रपटसंगीतापासून बेंजो पार्टीपर्यंत तो आपल्याकडे इतका रुळला, की लोकांच्या तोंडी ते एका वाद्याचेच नाव झाले. मिरवणुकीत रबरावरची टपटप स्पीकरच्या आवाजात बुडून जाते. घरी मात्र हेडफोन वादकाच्या कानाला असतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला येते ती फक्त टपटप.

घरातल्या वाद्याचा प्रश्न किती चिघळू शकतो, हे जपानने फार कटू रीतीने पाहिले आहे. १९७४ च्या ऑगस्टमध्ये हिरात्सुका शहरातल्या सरकारी वसाहतीत पियानोच्या आवाजाने भडकलेल्या शेजाऱ्याने एका आईचा आणि तिच्या दोन लहान मुलींचा खून केला. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत आवाज ही किरकोळ बाब नसते. त्याच देशातल्या यामाहाने १९९३ मध्ये हेडफोनवर ऐकता येणारा ‘सायलेंट पियानो’ विक्रीला आणला.

ड्रमच्या बाबतीत खरे वळण आले १९९७ मध्ये. रोलँडने अमेरिकेच्या रेमो कंपनीसोबत जाळीचे पान तयार केले आणि ‘टीडी-१०’ हा व्ही-ड्रम्स संच त्यावर उभा केला. युक्ती साधी, पण देखणी. प्लास्टिकचे अखंड पान हवेला धक्का देते, म्हणून ते गरजते. जाळीच्या छिद्रांतून हवा आरपार निघून जाते. पान मात्र चावीने हवे तसे ताणता येते, काठी उसळते. हवेतला ठोका जवळपास मिटला.

उरला पाय. शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी १९०९ च्या सुमारास वेगवान बास ड्रम पेडल बाजारात आणले, तेव्हापासून ड्रमरचा पाय सतत जमीन ठोकत आला आहे. जाळी लावा, रबर लावा. टाचेचा आणि बीटरचा धक्का स्टँडमधून स्लॅबमध्ये उतरतोच. मग खालच्या घराचे छत म्हणजे जणू ढोलाचे पान. वरच्या खोलीत शांतता, खाली धप्प-धप्प. सतरंजी किंवा पातळ फोम इथे फारसा कामाचा नाही: पेडलच्या वजनाने तो दबून बसतो आणि धक्का पुढे जातो.

यावर वादकांनी घरीच शोधलेला उपाय म्हणजे टेनिस बॉलचा चौथरा. जाड प्लायवूडचे दोन तक्ते घ्यायचे, चेंडू घरंगळू नये पण पूर्ण आतही जाऊ नये अशी भोके पाडायची, मधे चेंडू ठेवायचे आणि वर संच मांडायचा. वजनदार वस्तू मऊ स्प्रिंगवर तरंगत ठेवण्याचाच हा प्रकार. त्या स्प्रिंगची स्वतःची जी वारंवारता असेल, तिच्या सुमारे १.४ पटींहून वरची कंपनेच खाली जाताना कमी होतात. म्हणून खच्चून चेंडू भरणे ही चूक. जास्त चेंडू म्हणजे कडक स्प्रिंग, आणि कडक स्प्रिंग धक्का अडवत नाही. वरचा तक्ता जड आणि चेंडू मोजकेच हवेत. पुढे रोलँडने ‘नॉइज ईटर’ नावाने पेडलखाली आणि स्टँडच्या पायांखाली ठेवायचे रबरी आधार काढले, तत्त्व तेच.

भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण स्लॅबमधून उतरणारा धक्का वाजवणाऱ्याला जागेवर बसून कळतच नाही. तेव्हा संच मांडून झाला की घरातल्या कोणाला तरी पाच मिनिटे पेडल दाबायला बसवावे आणि वादकाने स्वतः खाली जाऊन, शेजाऱ्यांच्या परवानगीने, त्यांच्या झोपण्याच्या खोलीत उभे राहून ऐकावे.