कुंडीतली पांढरी बुरशी आणि पिंपरीची माती

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावला पावसाळ्यात गेलो होतो. शिक्षकांशी गप्पा संपल्यावर एका सरांनी शाळेच्या व्हरांड्यातली तुळशीची कुंडी समोर आणून ठेवली. मातीवर कापूस पिंजून पसरावा तसा पांढरा थर. ‘माती फेकून देऊ की औषध टाकू?’ सरांनी विचारले. औषध म्हणजे ताम्रयुक्त कवकनाशकाची पुडी. ती त्यांच्या खिशात तयारच होती.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मुले ‘खत’ म्हणून रोज चहाचा चोथा टाकत होती, कुंडीच्या तळाचे भोक बुजले होते आणि आठ दिवस ऊन पडले नव्हते. अशी बुरशी बहुधा मेलेल्या पालापाचोळ्यावर जगते, जिवंत मुळांना हात लावत नाही. वरचा थर खरवडावा, भोक मोकळे करावे, चोथा थांबवावा, एवढे पुरते. कुंडीभोवती घोंगावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांनाही हीच ओल हवी असते. त्यांच्या अळ्या बुरशी आणि कुजका पाला खातात, कधी कोवळी मुळेही. दोन पाण्यांच्या मध्ये माती वरून सुकू दिली की त्या कमी होतात.

पण सरांचा पुढचा प्रश्न मला अधिक आवडला. माती जर बुरशीच्या बीजाणूंनी भरलेली असते, तर सगळी झाडे मरत का नाहीत?

याचे उत्तर मातीतच सापडले. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तो बराचसा स्ट्रेप्टोमायसीस कुलातल्या जिवाणूंचा. त्यांची वाढ तंतूंसारखी होते, म्हणून पूर्वी त्यांना बुरशीच समजत. शेजाऱ्यांना आवरण्यासाठी हे जिवाणू निरनिराळी रसायने सोडतात. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत शाट्झ यांनी त्यांतूनच स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. ते जिवाणूंवर चाले, बुरशीवर नाही. बुरशीवरचे औषध शोधले एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी. एक न्यूयॉर्कला, दुसरी ऑल्बनीला. मातीतले नमुने बरण्यांत घालून टपालाने इकडून तिकडे जात. व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतून त्यांना हवा तो जीव मिळाला. १९५० मध्ये जाहीर झालेल्या या औषधाला त्यांनी आपल्या राज्याच्या नावावरून ‘निस्टॅटिन’ म्हटले.

आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. मुख्य काम पेनिसिलिनचे. पण तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार होते, आणि ते मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. पिकांवरच्या तांबेरा-काणीचा अभ्यास केलेला माणूस औषधाच्या कारखान्यात आला, याचा परिणाम पुढे दिसला. १९६१ च्या सुमारास तेथे ‘हॅमायसिन’ मिळाले. नावातली सुरुवातीची इंग्रजी अक्षरे कारखान्याची, आणि ते तयार करणाऱ्या जिवाणूचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! १९६४ साली ‘ऑरिओफंजिन’ आले आणि ते माणसांऐवजी पिकांसाठी वापरात आले. आयात केलेल्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या कारखान्याने दहा वर्षांत स्वतःचे दोन रेणू शोधावेत, याचे मला आजही अप्रूप वाटते. शालेय पुस्तकांत मात्र फ्लेमिंगच्या पुढे गोष्ट सहसा जात नाही.

ही तिन्ही औषधे एकाच जातकुळीची. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. औषधाचे रेणू त्याला चिकटतात, पटल गळू लागते आणि पेशी मरते. जिवाणूंच्या पटलात एर्गोस्टेरॉल नसते, म्हणून ते वाचतात.

इथे पुसेगावच्या शेतकऱ्याच्या कामाचा मुद्दा येतो. या भागात हळद मोठी. तिच्या कंदकुजीचे एक मुख्य कारण पिथियम. दिसायला पांढऱ्या तंतूंची बुरशीच. पण खरे नाते तपकिरी शैवालांशी. त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असते, आणि एर्गोस्टेरॉल तो बनवत नाही. त्यामुळे या जातकुळीची औषधे त्याच्यावर जवळजवळ निष्प्रभ ठरतात. इतकी, की प्रयोगशाळेत मातीतून पिथियम वेगळा करायचा असला तर आम्ही माध्यमात असेच एक औषध घालतो. बाकीच्या बुरशी दबतात, पिथियम वाढतो! रंग बघून औषध निवडणाऱ्याची इथेच फसगत होते, पैसा जातो आणि गड्डे सडतच राहतात.

पिथियमवर उपयोगी पडतात ते पाण्याचा निचरा, निरोगी बेणे आणि ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही खरी बुरशी. ती दुसऱ्या रोगकारक बुरशींवर हल्ला करते, हे कॅलिफोर्नियात वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखवले. हळदीचे शेतकरी ती शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून वाढवतात. आधी पांढरी दिसते, मग हिरवी होते.

हे ऐकून मागे उभा असलेला दहावीचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘सर, आमच्या खताच्या ढिगावर अशीच पांढरी आहे. बाबा तिला झाकून ठेवतात.’

सरांनी खिशातली पुडी बाहेर काढली, तिच्यावरचा मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला आणि परत खिशात ठेवली. कुंडी उन्हाची तिरीप येत होती त्या बाजूला सरकवली. तळाचे भोक मोकळे करायला मुलाने सायकलचा आरा आणला.